चौथा भोंगा

१

सकाळी विहार उघडणं हे माझं काम. कोणी नेमलेलं नाही, पण मंडळाने मागची खोली दिली आहे ती त्याच्यासाठीच. बायको गेली, मुलगा रवी चाकणला कंपनीत लागला, तेव्हापासून मी या खोलीत राहतो. एक खाट, एक शेगडी, एक पत्र्याची पेटी, आणि भिंतीला लागून टेबलावर मशीन. मशीन म्हणजे भोंग्यांचा अँप्लिफायर. वस्तीत सगळे मशीनच म्हणतात.

उठायचं, झाडू मारायचा, फुलांचं पाणी बदलायचं, मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायची. मग मशीन चालू करायची. आधी लाल दिवा लागतो, थोडं थांबलं की हिरवा. हिरवा झाला की पेनड्राइव्ह लावायचा. तीन भोंगे आहेत. एक विहाराच्या गच्चीवर, एक पाण्याच्या टाकीवर, एक चौकातल्या खांबावर. सातपूरच्या कंपन्यांचा भोंगा व्हायच्या आधी आमची वंदना संपलेली असते.

पेनड्राइव्हवरची ही वंदना शिकवण्यासाठी म्हटलेली आहे. भंतेजी एक ओळ म्हणतात आणि थांबतात. त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याने तीच ओळ मागून म्हणायची. मी शाळेत गेलेलो नाही. पुढे कंपनीतल्या एका सोबत्याने अक्षरं शिकवली, पण वंदना मी अशीच शिकलो, ऐकायची आणि मागून म्हणायची. आमच्यातले निम्मे लोक असेच शिकले. आजही ती मोकळी जागा आली की तोंड आपोआप हलतं. बाया भांडी घासता घासता म्हणतात. पहिल्या पाळीची माणसं गाडीला किक मारता मारता म्हणतात. आपण म्हणतोय हे त्यांना कळतही नसेल.

उन्हाळा लागला त्या सुमारास मशीन बंद पडायला लागली. आवाज बारीक ठेवला तर चालायची. बटण वर नेलं की थोड्या वेळाने आतून टक् असा आवाज यायचा, हिरवा दिवा जाऊन लाल लागायचा आणि तिन्ही भोंगे मुके. बंद करून परत चालू केली की परत चालायची. परत बटण वर, परत टक्.

प्रफुल्ल तोंडात ब्रश धरूनच आला. तो आमच्या मंडळाचा सचिव, बँकेत कामाला आहे, पोरगा चांगला.

"काका, आज परत?"

"परत."

"अर्ध्यात गप्प झाली. मम्मी म्हणते, निवृत्तीकाका झोपले वाटतं मशीनवर."

"तुझ्या मम्मीला सांग, झोपायला गार जागा लागते. ही भाकरी भाजावी एवढी तापलेली असते."

तो हसला. मग नळावर तोंड धुऊन आला आणि दारातच उभा राहिला. काही बोलायचं असलं की तो असा उभा राहतो.

"काका, बुद्धपौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी आवाज मोठाच लागणार. नाहीतर कमिटीतले म्हणतात, नवीन सेट घेऊ, बिनवायरचा. तो मोबाइलवरून कोणीही चालवेल. आणि मग ही खोली पोरांच्या अभ्यासिकेला द्यायची म्हणतात. मी म्हणत नाही. ते म्हणतात."

"मग मी?"

"रवीदादा आहेच की चाकणला."

रवीकडे मी एकदा राहून आलो आहे. सातव्या मजल्यावर घर आहे. नवरा-बायको दोघं कामाला जातात, मी गॅलरीत बसतो. खाली गाड्या दिसतात, आवाज वर येत नाही. तिथे माझ्याशी दिवसभर कोणी काही बोलत नाही आणि मलाही कोणाला काही म्हणायचं नसतं. इथे निदान सकाळी मी बटण वर केलं की सगळी वस्ती तोंड उघडते.

"मी फॉल्ट शोधतो," मी म्हटलं.

२

फॉल्ट शोधायचा म्हणजे घाई करायची नाही. मशीनचं झाकण काढलं. आत धूळ होती, ती जुन्या ब्रशने काढली. पंखा अडकत होता, त्याला तेलाचा थेंब दिला. सकाळी कंपन्यांमुळे लाईट कमी-जास्त होते, म्हणून ती तपासली. ती ठीक होती. पेनड्राइव्ह बदलून बघितला. मोबाइलवरून लावून बघितलं. तरी टक्.

मग मशीन रिक्षात घालून सोमनाथकडे नेली. त्याचं दुरुस्तीचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. त्याने स्वतःचे मोठे स्पीकर लावले आणि बटण शेवटपर्यंत नेलं. शेजारचा चहावाला कानावर हात ठेवून बाहेर आला. मशीन पडली नाही. सोमनाथने जेवण केलं, एका गिऱ्हाइकाशी भांडून घेतलं, मशीन आपली गातच होती.

"काका, ही ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आजार तुमच्या वायरीला आहे. कुठेतरी जास्तीचा भोंगा लावलाय का? भोंगे वाढले की मशीनवर ओझं वाढतं. सोसेनासं झालं की ती स्वतःला बंद करून घेते. जळण्यापेक्षा बरं."

"तीनच आहेत. मीच लावलेत."

"मग मोजा परत."

घरी आणून लावली आणि या वेळी मी नीट बघत बसलो. मशीनवर एक काटा आहे. आवाज चढला की काटा चढतो, आवाज थांबला की काटा खाली निजतो. भंतेजींनी ओळ म्हटली, काटा चढला. ओळ संपली, काटा निजला. मोकळी जागा आली.

त्या जागेत काटा परत उठला.

भोंग्यातून काही आलं नाही. पेनड्राइव्हवर तिथे काही नाही. काटा मात्र हळूहळू वर आला, एखादा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठावा तसा, पार लाल पट्टीपर्यंत, आणि टक्.

मी चालू करून परत बघितलं. परत तसंच. मोठ्या आवाजाने बंद पडणारी मशीन आवाज चालू असताना पडायला हवी. ही पडत होती शांततेत. मी एवढी वर्षं मशीन चालवतोय, पण गप्प बसायला मशीनला कष्ट पडलेले कधी बघितले नव्हते.

३

मोजा परत, असं सोमनाथ म्हणाला होता. मी मोजलं.

माझ्याकडे एक पिवळा मीटर आहे. वायरीची दोन टोकं त्याला लावली की पुढे भोंगा असेल तर तो काहीतरी आकडा दाखवतो. पुढे काही नसेल तर डाव्या कोपऱ्यात नुसता एक उभा राहतो. एक म्हणजे पुढे कोणी नाही.

टेबलामागे लाकडी पट्टीवर सगळ्या वायरी येतात. मी गच्चीवरच्या भोंग्याची सोडली, टाकीवरची सोडली, चौकातली सोडली. मीटर पट्टीला लावला. आता एक यायला हवा होता.

आकडा आला. एका भोंग्याचा येतो तेवढाच.

पट्टीच्या कडेला, धुळीत, अजून एक वायर होती. ती बघितल्यावर मला आठवलं. शेवटच्या गल्लीत बारकूचं घर आहे. त्याचे गुडघे गेले, विहारापर्यंत येववेना, तेव्हा मीच त्याच्या घरात वायर ओढून एक लहान भोंगा बसवला होता. मग त्याची मुलगी त्याला मनमाडला घेऊन गेली. जाताना त्याने भोंगा पुसून, फडक्यात बांधून मला परत दिला. माझ्या पेटीत आहे. पेटी उघडून बघितलं, होता. वायर काढायची राहिली, कारण पुढे भोंगा नसला तर वायरीचं काही ओझं नसतं.

बारकूच्या घराची किल्ली सुलाबाईकडे असते. ती त्याच्या शेजारी राहते. मी दुपारी गेलो तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती.

"सुलाबाई, बारकू कसा आहे?"

"त्याला काय धाड भरली. परवाच फोन आला व्हता. जावयाच्या नावानं बोटं मोडत व्हता." तिने वर बघितलं. "का वो भाऊ, तुमचं तोंड असं का उतरलंय? जेवला नाय का?"

"जेवलो. किल्ली द्या. त्याच्या घरातली वायर बघायची आहे."

"घर उघडायला मी येते. तुम्ही एकटे आत पडलात तर मलाच उचलावं लागंल."

कुलूप गंजलं होतं. सुलाबाईने त्याला दोन शिव्या घातल्या तेव्हा ते उघडलं. आत कोंदट वास होता. एकच खोली आहे, मागे मोरी. खिडकीला काच, काचेवर धूळ. जमिनीवर धुळीचा सारखा थर पडलेला. त्यावर उंदराचं पाऊलही नव्हतं. लाईट तोडलेली. मी दारात उभा राहून बराच वेळ नुसतं ऐकलं. सुलाबाईच्या घरातला कुकर, लांब पोरांचा क्रिकेटचा गलका. बाकी काही नाही.

वायर झरोक्यातून आत आली होती. मी ती वर खिळ्याला गुंडाळून ठेवली होती, हे मला पक्कं आठवतं. आता ती खाली आली होती. भिंतीवरून सरळ लोंबत होती. दोन्ही टोकांना मी लावलेली काळी चिकटपट्टी तशीच होती, वेगवेगळी. टोकाला काही नव्हतं. मी चिकटपट्टी सोडून मीटर लावला. विहाराकडचं टोक मी सोडूनच आलो होतो. डाव्या कोपऱ्यात एक उभा राहिला.

म्हणजे इकडून बघितलं तर पुढे कोणी नाही. तिकडून बघितलं तर आहे. वायर मधे कुठे दबली असती, चिकटली असती, तर दोन्हीकडून सारखंच दिसलं असतं.

"झालं का?" सुलाबाई म्हणाली. ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

वायरीची टोकं लोंबत होती तिथेच भिंतीवर एक डाग होता. तेलकट, काळपट, ताटलीएवढा. जुन्या घरांत म्हातारी माणसं रोज एका जागी भिंतीला टेकून बसतात, तिथे डोक्याच्या तेलाचा पडतो तसा. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. मी बोट लावलं. बोट ओलसर झालं.

"बारकू इथे बसायचा का?"

"छ्या. त्याचा पलंग त्या तिकडच्या भिंतीला व्हता. खाली त्याला बसताच येत नव्हतं, गुडघे व्हते कुठं त्याला?"

मी वायर परत खिळ्याला गुंडाळली. दोन वेढे जास्तच दिले. बाहेर येऊन बोट धोतराला पुसलं. सुलाबाईने कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

आमच्यात भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मानत नाहीत. माझ्या वडिलांनी घरातले देव गोदावरीत सोडले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होतो. त्या दिवसापासून या गोष्टी आमच्या दाराबाहेर राहिल्या. मीही मानत नाही. भिंतीला ओल येते. वाऱ्याने वायर सुटते. मीटर जुना झाला आहे. चालता चालता मी हे स्वतःला सांगत होतो आणि ते मला पटतही होतं.

४

ती चौथी वायर मी पट्टीवर परत लावली नाही. नुसते तीन भोंगे लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बटण पार वर नेलं. वंदना सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाली. काटा ओळीला उठला, मोकळ्या जागेत निजला.

प्रफुल्लने कामावर जाता जाता गाडी थांबवली. "काका, जिंकलात. काय होतं?"

"जास्तीची वायर होती."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आता अभ्यासिका दुसरीकडे बघायला सांगतो त्यांना." तो निघाला, मग मागे वळून म्हणाला, "मम्मीने विचारलंय, पौर्णिमेला खिरीचं दूध तुम्ही आणाल का."

मी खूश होतो. खरंच होतो. खाट उन्हात टाकली, शेगडी घासली. पण टेबलामागे ती सुटी वायर पडून होती आणि माझी नजर तिकडे जात होती. सवयीने मी तिला मीटर लावायचो. रोज आकडा यायचा. पुढे कोणीतरी आहे.

सोमनाथला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "काका, लांब उघडी वायर म्हणजे एरियल. आकाशवाणीसुद्धा पकडेल. तुम्ही नका डोकं लावू."

आकाशवाणी. ते मला आवडलं. पेटीत जुन्या रेडिओचा कानात घालायचा इयरफोन होता. सकाळी मशीन लावली, वंदना चालू झाली, आणि मी तो इयरफोन त्या सुट्या वायरीला जोडून कानात घातला. मशीनशी त्या वायरीचा आता काही संबंध नव्हता. एका कानाने बाहेरचे भोंगे ऐकत होतो, दुसऱ्या कानाने वायर.

आधी काही नाही. मग कळलं की हे ‘काही नाही’ बंद खोलीतलं आहे. काचेपलीकडे कुकरची शिट्टी झाली. सुलाबाई कोणालातरी ओरडली. ती माझ्या खोलीतून ऐकू येत नाही, चार गल्ल्या पलीकडे आहे. इयरफोनमधे ती भिंतीपलीकडे होती.

भंतेजींची ओळ संपली. मोकळी जागा आली. आणि खोलीत कोणीतरी ती ओळ म्हटली.

आवाज म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. बाईचा की बाप्याचा तेही सांगता येत नाही. नवीन शिकणारा होता, एवढं मात्र नक्की. शब्द चाचपडत म्हणायचा. लांब शब्द आला की त्याचा शेवट सोडून द्यायचा, पुढच्या ओळीला धावत यायचा. मला वाईट वाटलं. मीही असाच शिकलो होतो, कोपऱ्यात बसून, शेवट गिळत. वंदना संपली तेव्हा त्या खोलीत कोणीतरी कापडं सावरली आणि भिंतीला टेकलं. मग परत ते काही नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? सुलाबाईने मला धुऊन काढलं असतं. प्रफुल्ल काही बोलला नसता, पण रवीला फोन केला असता. काका थकलेत, कानात काहीबाही ऐकू येतं. मग गॅलरी.

पुढे मी रोज ऐकायला लागलो. खोटं कशाला सांगू, मला सोबत झाली. दिवसभरात माझ्याशी बोलणारे किती? आणि तिथे पलीकडे कोणीतरी रोज माझ्या मशीनची वाट बघून बसलेलं असायचं. त्याची प्रगती होत होती. शब्दांचे शेवट नीट लागायला लागले. एकदा त्याने पूर्ण ओळ न चुकता म्हटली तेव्हा मी एकटाच मान हलवली.

मग एका सकाळी मोकळी जागा यायच्या आत त्याने ओळ म्हटली. भंतेजींच्या आधी. भंतेजींनी तीच ओळ मागून म्हटली. मी इयरफोन कानातून काढून बघितला, परत घातला. तो पुढे होता, पेनड्राइव्ह मागे. सगळी वंदना तशी झाली. पाठ झालं की माणूस पुढे जातो, मी मनात म्हटलं. पोरं नाही का करत?

वंदना संपली. मशीन गप्प झाली. मी इयरफोन काढणार, तेवढ्यात त्याने अजून एक ओळ म्हटली.

ती वंदनेतली नव्हती. पालीसारखी होती आणि पाली नव्हती. हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हटली, शिकवतात तशी. आणि मग तो थांबला. एका ओळीएवढी जागा मोकळी सोडली.

आयुष्यभराची सवय आहे. मोकळी जागा आली की तोंड हलतं. मी ती ओळ मागून म्हटली. म्हणून झाल्यावर मला कळलं की मी म्हटली.

खोलीत कोणीतरी उठलं. बस, तेवढंच ऐकू आलं. उठताना लागतो तो श्वास.

मी इयरफोन ओढून काढला. मीटर लावला. डाव्या कोपऱ्यात एक. पुढे कोणी नाही.

मला बरं वाटायला हवं होतं.

५

पौर्णिमेच्या दिवशी रवी आणि सूनबाई संध्या गाडी घेऊन आले. संध्याने खोलीत डोकावून बघितलं आणि खाटेवरची चादर बदलली. दुपारी दूध घेऊन परत येतो तर शेवटच्या गल्लीत प्रफुल्ल शिडीवर. खाली शिडी धरून रवी, आणि सुलाबाई कमरेवर हात ठेवून.

"काय चाललंय?"

"भाऊ, आमच्या गल्लीला काय ऐकू येत नाय, किती वर्षं सांगते. आज सणाचं तरी यावं का नाय?"

प्रफुल्लने बारकूच्या घराच्या भिंतीवर भोंगा बसवला होता. माझ्या पेटीतला, फडक्यात बांधलेला. "काका, तुमच्या पेटीत सापडला. रवीदादांनी काढून दिला. वायर होतीच. पट्टीवर जोडलीसुद्धा. मशीन लावून बघितली, फुल आवाज, अजिबात पडत नाही."

"ती वायर नको," मी म्हटलं.

"का? खराब आहे?"

"मीटरवर चांगली दाखवते."

"मग?"

मी दुधाचं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. रवी माझ्याकडे बघत होता. त्याच्या आईसारखे डोळे आहेत, खोटं चालत नाही त्यांच्यापुढे.

"बाबा, काय झालंय? संध्या म्हणते तुम्ही एकटे असताना बोलता."

"वंदना म्हणतो."

"सकाळचं नाही म्हणत, मगाशी. खोलीत कोणी नव्हतं तेव्हा." त्याने आवाज खाली आणला. "तुम्हाला इथे राहायचंय ना? मी नाही म्हणत नाही. पण असं काही असेल तर आजच सांगा. गाडीत जागा आहे."

मी म्हटलं, "काही नाही. दूध नासेल," आणि पुढे निघालो.

संध्याकाळी विहारापुढे सगळी वस्ती जमली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरांच्या हातात मेणबत्त्या. खिरीचा वास येत होता. मी टेबल दारापाशी घेतलं होतं. तिथून शेवटची गल्ली सरळ दिसते. सुलाबाईने बारकूच्या ओट्यावरही मेणबत्त्या लावल्या होत्या. त्याच्या बंद घराची खिडकी त्या उजेडात पिवळी दिसत होती.

प्रफुल्लने लांबून खूण केली. वर न्या. मी बटण वर नेलं.

ओळ आली, चारही भोंग्यांतून. लोकांनी हात जोडून, डोळे मिटून मागून म्हटली. ओळ आली, मागून म्हटली. माझा एक हात पट्टीवर होता, चौथ्या वायरीवर. ओढली असती तर ठिणगी उडून मशीन बसली असती. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं असतं. रवीनेही. मी बोटांत वायर नुसती धरून ठेवली. काटा मोकळ्या जागेत निजत होता. मला वाटलं, मीटर खरं सांगत होता. पुढे कोणी नाही.

वंदनेची शेवटची ओळ झाली. लोकांनी म्हटली. पेनड्राइव्ह संपला, हे मी डोळ्यांनी बघितलं, त्याचा छोटा दिवा विझला.

आणि भोंग्यांतून ती ओळ आली.

हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. काटा जागचा हलला नाही. मोकळी जागा आली, आणि माझ्यासमोर सगळ्या वस्तीने, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, खिरीचा डाव हातात घेऊन उभ्या असलेल्या बायांनी, मिटल्या डोळ्यांनी ती मागून म्हटली. रवीने म्हटली. प्रफुल्लने म्हटली. एकाही शब्दाला कोणी अडखळलं नाही.

मी ओठ दातांत धरून शेवटच्या गल्लीकडे बघत होतो. बारकूच्या खिडकीत, काचेच्या आत, काहीतरी खालून वर आलं आणि थांबलं. लोकांची ओळ म्हणून संपेपर्यंत ते तिथे होतं. मग मागे झालं, बोलून दमलेला माणूस भिंतीला डोकं टेकतो तसं.

मेणबत्त्या हलल्या. लोकांनी डोळे उघडले. पोरं खिरीकडे धावली.

प्रफुल्लने गर्दीतून अंगठा वर केला. मशीन पडली नव्हती.

६

खोली राहिली. नवीन सेट घ्यायचा विषय परत निघाला नाही. रवी जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही ठीक आहात, माझाच जीव उगाच वरखाली होतो." संध्याने एक नवी चादर ठेवली आहे.

सुलाबाई आता सकाळी ओट्यावर बसून ऐकते. परवा म्हणाली, "भाऊ, वंदना थोडी लांबली वाटती. पण बरं वाटतं." मी विचारलं, "काय लांबलं?" तिला सांगता येईना. ती हसली आणि लसूण सोलायला लागली. ती ओळ मी इथे लिहीत नाही. वाचणारा मनात का होईना म्हणेलच.

चौथी वायर मी दुसऱ्याच दिवशी पट्टीवरून काढली, गुंडाळी करून पेटीत ठेवली. भोंगा बारकूच्या भिंतीवर बिनवायरचा आहे. तरी वंदना संपते, पेनड्राइव्हचा दिवा विझतो, आणि चारही भोंग्यांतून ओळ येते. मग मोकळी जागा. मोऱ्यांतून, ओट्यांवरून, सुरू होणाऱ्या गाड्यांवरून लोक ती म्हणतात. मी तोंडावर हात दाबून टेबलाशी बसतो.

सगळ्यांचं म्हणून होतं. कंपनीचा भोंगा वाजतो. माणसं कामाला निघून जातात. मोकळी जागा संपत नाही. एका माणसाच्या आवाजापुरती ती उरलेली असते, आणि दिवसभर माझ्या खोलीत थांबून राहते.